नळावरचा सलोखा

गेल्या आठवड्यात आमच्या लिफ्टमध्ये बातमी पसरली, की पाचव्या मजल्यावरच्या दर्शनाने शिकवणी सुरू केलीय आणि कुणा गरीब पोरीला नुसती फैलावर घेतेय. दाराबाहेर ऐकू यायचं, "हे काय लिहिलंयस? कशावरून? खोड." मीही बातमीला जरा मीठमसाला लावून ती सातव्या मजल्यापर्यंत पोचवली. मग राहवेना, म्हणून बेल वाजवली. आत पोरगी नव्हतीच. दर्शना एकटी, हातात लाल पेन आणि समोर तिचाच एम.ए.चा जुना प्रबंध.

दर्शना मुलुंडच्या पोस्टात नोकरीला. घाटकोपरला आज ही बिल्डिंग आहे तिथेच पूर्वी आमची चाळ होती, आणि आमच्या दोघांच्या खोल्यांत एकच भिंत. प्रबंधाचा विषय चाळीचा नळ. पाणी भरताना बायका एकमेकींशी कशा वागतात. निष्कर्ष काय, तर 'नळावर सलोखा आहे'. फर्स्ट क्लास मिळाला. तिचे कॉलेजातले सर अजूनही नव्या मुलांना तो नमुना म्हणून दाखवतात. आता शनिवारी कॉलेजात जाऊन त्या मुलांसमोर दर्शनानेच त्याचं मूल्यमापन करायचं होतं.

"सलोखा?" मी म्हटलं. "अगं, माझ्या आईची बादली चेपली ती काय मायेने?"

"विमलामावशींनीच, तुझ्या आईनेच, सांगितलेलं मला. 'आम्ही बहिणींसारख्या राहतो गं.'"

"आणि तुझ्या शेजारी कोण बसलं होतं तेव्हा?"

दर्शनाला हसू फुटलं. एकटी पोर दारोदार प्रश्न विचारत कुठे फिरणार, म्हणून तिची आई, शकुमावशी, प्रत्येक घरी सोबत जायची. चाळीच्या नळाला कुलूप असायचं आणि त्याची चावी शकुमावशीच्याच कमरेला. पाणी कधी सोडायचं, रांगेत पुढे कोण, सगळं तीच ठरवणार. तिच्यासमोर नळाबद्दल वाकडं बोलायची कुणाची टाप? ती पदराने वारा घेत बसायची, बायका गोड बोलायच्या, दर्शना लिहून घ्यायची. प्रबंधात मात्र आई कुठेच नाही.

आता शकुमावशी नाही, चाळ नाही. घरोघरी नळ आले, त्यामुळे भांडायलाही कुणी भेटत नाही. ती चेपलेली बादली माझ्या आईने नव्या घरातही आणलीय. तिच्यात तुळस लावलीय.

"मग शनिवारी काय?" मी विचारलं. "सरांचा नमुना सरांसमोरच फाडणार? गप फर्स्ट क्लास वाचून दाखव, चहा पी नि ये. गेलेल्या आईला कशाला मध्ये आणतेस?"

दर्शनाने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "तेव्हा आईला गाळलं म्हणूनच चुकलं रे. आता पहिल्या वाक्यात तीच, चावीसकट. दुसऱ्यात तुझ्या आईची बादली. जा, ही बातमी ने सातव्या मजल्यावर."