जबाबदार व्यक्ती

ओटीपी मी स्वतः वाचून दाखवला. सहाही आकडे. मोठ्या आवाजात.

दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत आमच्या मराठी मंडळाची बैठक होती. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि मुलांचं नाटुकलं ठरत होतं. अध्यक्षांचा पुतण्या लॅपटॉपवर परवानगीचा अर्ज भरत होता. एका रकान्याशी अडला. 'जबाबदार व्यक्ती.' घाटावरची जुनी घराणी सतरंजीवर बसली होती, मी दाराशी, चपलांच्या शेजारी. अध्यक्षांची नजर सगळ्या खोलीवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"यांचं घाला," ते म्हणाले.

माझा नंबर घातला, ओटीपी माझ्या मोबाइलवर आला. माझी छाती फुगली. खोटं कशाला सांगू? मी रेल्वेत इलेक्ट्रिशियन. भुसावळहून बदली होऊन इकडे उत्तरेत आलो त्याला नऊ वर्षं झाली. इथे जात कुणी विचारली नाही. आडनाव विचारलं, तेवढ्यात भागलं. मंडळाचे दिवे, माइक, खुर्च्या, सगळं माझ्याकडे. पत्रिकेत शेवटच्या ओळीत 'आणि इतर कार्यकर्ते' असं छापायचे. तो इतर मी. त्या दिवशी मला वाटलं, बढती झाली.

वर पेडाही मिळाला. अध्यक्ष प्रसाद देताना माझ्या ओंजळीत तो वीतभर उंचीवरून सोडायचे. नऊ वर्षं मी समजत होतो की म्हाताऱ्यांचा नेम उत्तम आहे.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत राहिली. पहिल्या वर्षीच्या हळदीकुंकवानंतर ती मंडळात गेलीच नव्हती. गुडघा दुखतो म्हणायची. दर संक्रांतीला मी तिच्यासाठी तेलाची बाटली आणायचो.

दुसऱ्या दिवशी अर्जाची प्रत मोबाइलवर आली. ड्यूटीवर डबा खाता खाता वाचली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की जागेची पाहणी मी स्वतः केली आहे, सभागृहाला परवाना आहे, आणि दुर्घटना झाल्यास जबाबदार मी. मी तर जागेकडे फिरकलोही नव्हतो.

परवाने तपासायची साइट आहे. सभागृहाचं नाव टाकलं. उत्तर आलं, 'कोई अभिलेख नहीं मिला.' मला वाटलं, आपलंच हिंदी टायपिंग कच्चं. तीनदा टाकलं, तीनदा तेच. मग घर नंबर टाकून बघितलं. सापडलं. मंजुरी तळमजल्याची, वापर गोदामाचा. त्यापुढे काही नाही. कागदावर ती इमारत तळमजल्यालाच संपत होती.

आमचा कार्यक्रम तिसऱ्या मजल्यावर होता.

सकाळी बघायला गेलो. दाट धुकं होतं. गल्ली इतकी अरुंद की समोरून सायकल आली तर मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. बंब इथे येणार कसा? तळमजला साड्यांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांनी छतापर्यंत भरलेला. जिना एकच. एका वेळी एक माणूस, तोही तिरपा. मागचं दार खोक्यांच्या आड गेलेलं. आणि जिन्याच्या पायथ्याशी मीटरचा बोर्ड. तारेला हात न लावता बिघाड ओळखतो, अशी फुशारकी मी कामावर नेहमी मारतो. इथे ओळखायचं काय होतं? जवळ गेल्यावर जळक्या रबराचा वास येत होता. वर एक दिवासुद्धा चालू नव्हता. साठ बायका-मुलं वर बसली, थंडीचे हीटर लागले, की काय होणार?

नाटुकल्यात माझी मुलगी होती. तिला झाडाचं काम. तीन वर्षं झाडच. झाड मागच्या कोपऱ्यात उभं असतं. जिन्यापासून सगळ्यांत लांब.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. मोबाइल पुढे केला. कुणी हातात घेतला नाही. ती इमारत अध्यक्षांच्या मेव्हण्याची. अध्यक्ष आधी हसले. बाहेर मला ते 'तुम्ही' म्हणत.

"तुला खुर्च्या मोजायला ठेवलाय," ते म्हणाले. "जिने मोजू नकोस."

मी म्हटलं, मग जबाबदार म्हणून तुमचं नाव घाला.

ते रागावले नाहीत. उलट आवाज मऊ झाला, लहान मुलाला समजवावं तसा.

"आमची नावं पोलीस ठाण्यात शोभत नाहीत रे. तुमच्या लोकांना सवय असते."

कुणी मान वर केली नाही. ज्यांच्या घरचे पंखे मी फुकट दुरुस्त केले तेही सतरंजीचे धागे बघत बसले. मग अध्यक्षांनी पेडा उचलला. वीतभर उंचीवर धरला. त्या उंचीकडे मी पहिल्यांदा नीट बघितलं.

हात मागे घेतला. पेडा फरशीवर पडला.

तिथेच, चपलांच्या शेजारी उभं राहून मी साइट उघडली. 'आवेदन वापस लें', म्हणजे अर्ज मागे घ्यायचं बटण दाबलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'सभागृह नहीं है, गोदाम है.' ओटीपी आला. या वेळी वाचून दाखवला नाही.

मी चप्पल घालत होतो तेव्हा पुतण्या विचारत होता, आता कुणाचं टाकू? अध्यक्ष म्हणाले, "त्या फुलवाल्याचं घाल. त्याला वाचता येत नाही."

संक्रांत चार दिवसांवर आहे. काल मंडळाला हार देणाऱ्या त्या फुलवाल्याकडे गेलो. त्याला अर्ज वाचून दाखवला, बारीक अक्षरांसकट. ओटीपी कुणालाही सांगणार नाही म्हणाला. पण शहरात वाचता न येणारे खूप आहेत. म्हणून परवान्याच्या त्या पानाच्या झेरॉक्स काढल्या. आजपासून मंडळातल्या प्रत्येक दारी जाणार. पान मुलांच्या आईच्या हातात देणार, अध्यक्षांच्या नाही. तरीही कार्यक्रम झालाच, तर त्या दिवशी मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहीन. मला ओलांडून वर जायचं तर मला शिवावं लागेल. मुलगी त्यांचं झाड होणार नाही, या वर्षी नाही, पुढेही नाही.

हे सगळं बायकोला सांगितलं. तिने तेलाची बाटली फळीवरून काढून माझ्यापुढे ठेवली. सील तसंच होतं.

"गुडघा माझा कधीच दुखत नव्हता," ती म्हणाली. "आणि म्हणे तारेला हात न लावता बिघाड ओळखतात."