सारसाचा रशियन

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी न घडलेल्या शंभर गोष्टी सांगितल्या आहेत.

तुम्ही मला ओळखत असाल तर माझ्या थापाही ओळखत असाल. पोलाद कारखान्यात भट्टीच्या झळीवर मी पोळ्या शेकल्या आहेत, क्रेनच्या हुकाला लटकून दुर्गपर्यंत जाऊन आलो आहे. सिविक सेंटरच्या टपरीवर लोक हसतात, माझ्यासाठी चहा मागवतात. थापेनं कोणाचं काय जातं? — असं आयुष्यभर म्हणत आलो. आता म्हणायचाही कंटाळा येतो.

सेक्टर 10च्या चौकात एक लोखंडी सारस होता. दोन माणसं उंच. माझ्या गोष्टीत पाच. पाय रुळांच्या तुकड्यांचे, पंख भंगारातल्या पत्र्याचे. कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन इंजिनिअरनं घरच्या आठवणीनं रडत रडत तो बनवला, हे साऱ्या भिलाईला मीच सांगितलेलं. बनवला होता डोमाजीनं. माझ्याच पाळीतला, गॅसच्या ज्योतीनं लोखंड कापणारा गॅस कटर, भंडाऱ्याकडचा, आता हुडको कॉलनीत राहतो. ड्यूटी सुटल्यावर अख्खा हिवाळा तो साहेबांना विचारून एकेक तुकडा जोडत होता आणि मी बाजूला बसून बडबडत होतो. बाकीचे पाळीवाले कोणी गावी गेले, कोणी वर. रशियनाची गोष्ट ऐकून डोमाजी स्वतःही हसायचा — तेव्हा.

मग शहराचं कलेचं धोरण बनू लागलं. चौकातली शिल्पं कोण ठरवणार, कोण सांभाळणार, याचे नियम. जुना माणूस म्हणून समितीनं मलाही बोलावलं. एक कलम मला पाठ आहे: शिल्पावर करणाऱ्याच्या नावाची पाटी लागेल, आणि तो हयात असेतो त्याला विचारल्याशिवाय शिल्प तोडता येणार नाही. त्या चौकातून रस्ता रुंद व्हायचा होता. डोमाजीचं नाव लागलं तर सारस वाचणार — इतकं साधं होतं.

बैठकीला डोमाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला, माझ्या शेजारी बसला. चार लोकांत त्याची जीभ उचलत नाही. हळूच म्हणाला, "भाऊ, तूच सांग. मले कुठं बोलता येते?"

मी उभा राहिलो. मागे टपरीवरचीच मंडळी. कोणीतरी म्हणालं, "काका, तो रशियनवाला किस्सा होऊन जाऊ द्या." आणि मी — खरं बोललो असतो तर सगळ्यांदेखत खोटा पडलो असतो ना? मी किस्सा सांगितला. रडणारा रशियन, सगळं. टाळ्या पडल्या. वहीत लिहिलं गेलं: कलाकार परदेशी, पत्ता नाही. डोमाजी शर्टाची बाही नीट करत बसला.

चूक सुधारायला पुढे कित्येक महिने होते. समितीचं ऑफिस माझ्या घरापासून सायकलनं दहा मिनिटं. गेलो नाही.

शेवटी सारस तोडायला आलेला ठेकेदाराचा माणूस पंखावर भलतीकडेच ज्योत धरू लागला. बघ्यांतून डोमाजी पुढे झाला आणि बोटानं जागा दाखवली — जोड इथं आहे, इथून काप, पत्रा फाटणार नाही.

"आपको कैसे मालूम, चाचा?"

डोमाजीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "उस रशियन ने बताया था."

सगळे हसले. मीही हसलो.