बाबांचा इतिहासाचा पेपर

आमच्या घरात विषयांची एक उतरंड होती आणि ती बाबांनी रचलेली होती. सगळ्यात वर फिजिक्स, त्याखाली मॅथ्स, मग केमिस्ट्री, मग इंग्लिश, आणि त्याखाली "बाकीचे". मी बाकीच्यांत होते. बारावीला मी इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल आणि मानसशास्त्र घेतलं होतं, माझ्या जुळ्या भावानं सायन्स. एकाच दिवशी जन्मलो, एकाच वर्षी बोर्डाला बसणार होतो, पण घरात तो जावई आणि मी वऱ्हाडात आलेली कुणीतरी लांबची.

मान म्हणजे काय, तर खोली. लखनौच्या तेलीबागेत आमचा दोन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट होता. आतल्या खोलीला दार होतं आणि हीटर होता. बाहेरच्या खोलीत दिवाण, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, आणि गॅलरीच्या दाराखालून असं वारं यायचं की दोन-दोन मोजे घालूनही पाय बधिर. लखनौची जानेवारी ज्यानं काढली नाही त्याला सांगून उपयोग नाही. थंडीपायी शाळा बंद ठेवायचा हुकूम निघतो आणि पोरांनी घरी बसून कुडकुडत अभ्यास करायचा. बाबांचा नियम साधा होता: ज्याचा विषय अवघड त्याला आतली खोली. कुणाचा अवघड, हे तेच ठरवणार. वीस वर्षं हवाई दलात विमानांच्या इंजिनांवर काम केलेलं, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता.

डिसेंबरातल्या पहिल्या प्री-बोर्डात मला इतिहासात ऐंशीपैकी चाळीस पडले. येत नव्हतं म्हणून नव्हे, वेळ पुरला नाही म्हणून. शेवटच्या आठ मार्कांच्या प्रश्नाला तर मी हातही लावू शकले नाही. बाबांनी फर्मान काढलं: जानेवारीअखेरीला दुसरी प्री-बोर्ड आहे, तिच्यात साठ पडले तर कॉलेजात इतिहास घे, नाहीतर मुकाट्यानं बी.कॉम. "गोष्टींच्या विषयात जिला साठ पडत नाहीत, तिनं त्यातच डिग्री कशाला घ्यायची?" मला मात्र इतिहासच हवा होता. का, ते तेव्हा सांगता येत नव्हतं, आजही धड येत नाही. एवढंच सांगते की धडा वाचताना मला भूक लागलेली कळायची नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना ही गोष्ट किती मोठी ते ठाऊक आहे. साठ पडायचे तर रोज घड्याळ लावून तीन तास सलग पेपर लिहायची सवय हवी होती. आणि दिवाणावर तीन तास सलग कोण लिहू देतं? दर दहा मिनिटांनी "जरा पाय घे गं" चालूच.

एका शनिवारी दुपारी मी आतल्या खोलीत डोकावले. भाऊसाहेब रजाईत, हीटर पायाशी, हातात पुस्तक, ओठ हलताहेत. मला वाटलं, काहीतरी भयंकर सूत्र पाठ करतोय.

"क्या पढ़ रहा है?" मी विचारलं. तो आमच्याशी हिंदीतच बोलायचा, म्हणून त्याच्याशी बोलताना माझीही गाडी हिंदीत घसरायची.

"फिजिकल एज्युकेशन. खो-खो का ग्राउंड कितना लंबा होता है, बता?"

माझं डोकंच फिरलं. तशीच बाहेर येऊन मी बाबांच्या पेपरापुढे उभी राहिले. "बाबा, खो-खोच्या मैदानाला हीटर लागतो?"

"तो सायन्सला आहे," बाबा पेपरामागून म्हणाले.

"खो-खो सायन्स आहे?"

"अगं, त्याच्या डोक्याला ताण किती असतो! तुझं काय, वाचायचं आणि लिहायचं. इतिहासात अवघड काय आहे? मी आज बसलो तरी हसत-खेळत साठ काढीन."

मराठी माणसाला एकवेळ गणित येत नाही म्हणा, पण इतिहास येत नाही म्हणू नका. त्यात आमचे बाबा म्हणजे इथल्या मराठी मंडळाचे ठरलेले वक्ते. दर गणपतीत महाराजांवर पाऊण तास बोलायचे, हातात चिटोरंसुद्धा नाही. अफझलखानाच्या वधापर्यंत आले की पहिल्या रांगेतल्या काकू पदर डोळ्याला लावायच्या.

"बसा मग," मी म्हटलं. "तुम्हाला साठ पडले तर प्री-बोर्डची वाटही बघत नाही, मी बी.कॉम. नाही पडले तर प्री-बोर्डपर्यंत खोली माझी."

"अहो, नका तिच्या नादी लागू," आई स्वयंपाकघरातून ओरडली. पण बाबांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या होत्या. बोलून बसले मी, आणि मग रात्रभर जागी. खरंच पडले साठ तर? आपल्या तोंडानं आपलं भविष्य पणाला लावणारी माझ्यासारखी दुसरी गाढव शोधून सापडायची नाही.

रविवारी दहाला पेपर सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर बाबा, पुढ्यात मागच्या एका वर्षाचा नमुना पेपर, वीस पानांची वही. मराठीत लिहायची सवलत मीच दिली. सुपरवायझर माझा भाऊ. त्याला इतकं खूश मी त्याच्या वाढदिवसालाही पाहिलं नव्हतं. पाठीमागे हात बांधून तो टेबलाभोवती फेऱ्या घालत होता. अकरा वाजता बाबांनी चहा मागितला, तर म्हणाला, "एग्जाम हॉल में चाय अलाउड नहीं है, अंकल."

पहिला तासभर बाबांचं पेन थांबलं नाही. पाऊण तासात दहा पानं!  बाराच्या सुमाराला मात्र ते हात झटकू लागले. निवृत्तीनंतर त्यांनी सहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. साडेबाराला ते हळूच म्हणाले, "अजून दोन मोठे राहिलेत की रे." एक वाजायला पाच मिनिटं असताना ते नकाशावर गावं भरत होते, कपाळावर घाम, बाहेर धुकं. एक वाजता भावानं वही अक्षरशः ओढून घेतली.

तपासायला आई. ती इथल्याच एका शाळेत तिसरीला शिकवते, त्यामुळे लाल पेन घरात होतं आणि दयामाया नव्हती. मी बोर्डाची मार्किंग स्कीम वाचत गेले, कुठल्या मुद्द्याला किती मार्क ते सांगत, आणि ती बरोबर-चूक करत गेली.

हडप्पाच्या सांडपाण्याची व्यवस्था सांगा, असा प्रश्न होता. बाबांनी लिहिलं होतं की व्यवस्था अत्यंत उत्तम होती आणि आमच्या गल्लीतली नाली साफ करणाऱ्यांनी त्यातून धडा घ्यावा. पुढे दीड पान आमच्या नालीवर. तीनपैकी एक. विजयनगरच्या तटबंदीवर आठ मार्कांचा प्रश्न होता. किल्ला दिसल्यावर बाबांना भरतं आलं. चार पानं बालेकिल्ला, चोरदरवाजा, बुरूज, गनिमी कावा. सगळं सह्याद्रीतलं, विजयनगरचा एक दगड नाही. "सुंदर लिहिलंय हो," आई म्हणाली आणि आठपैकी एक मार्क दिला. मोगल काळातल्या शेतकऱ्यांवरही शेवटी महाराजच आले. अवधात सत्तावनचा उठाव एवढा का पसरला, या प्रश्नाला तर मी श्वास रोखून होते, कारण अवधची राजधानी लखनौ, आणि आम्ही इथंच नऊ वर्षं राहतो. बाबांनी लिहिलं होतं: पाहुणे आले की आम्ही त्यांना रेसिडेन्सी दाखवतो, भिंतींवर तोफगोळ्यांच्या खुणा आजही दिसतात, तिकीट काढावे लागते.

नकाशात गुजरातेतलं लोथल त्यांनी अरबी समुद्रात ठेवलं होतं.

"बाबा, तुम्ही हवाई दलात होता ना?" मी म्हटलं.

"मी इंजिनवाला. नकाशे बघणारे वेगळे असतात," बाबा गुरकावले.

एकूण तेवीस. पास व्हायला सत्तावीस लागतात. खाली आईनं सवयीनं "अक्षर सुधारावे" असंही लिहिलं. बाबांनी फेरतपासणी मागितली. आईनं पुन्हा बेरीज केली तर एक मार्क जास्त धरलेला निघाला. बावीस.

बाबा उठले. पिशवी घेऊन खाली गेले, मटार घेऊन आले, आणि मग स्वतःच्या हातानं माझी पुस्तकं आत नेऊन ठेवली. भाऊ खो-खोसकट दिवाणावर आला. जाताना मला म्हणाला, "यार, मेरा सवाल अटका तो पाँच मिनट में पता चल जाता है कि नहीं आता. तेरे में तो आदमी को तीन घंटे तक लगता है कि आता है." आमच्या घरात तोवर कुणी काढलेलं हे सगळ्यात शहाणं वाक्य होतं. फिजिक्सचा प्रश्न वाचूनही कळत नाही म्हणून त्याचा धाक. इतिहासाचा कळतो, म्हणून लोकांना वाटतं उत्तरही येतं.

खोली मिळाली, पण मी धुमसत होते. साठची अट तशीच होती. स्वतः बावीस, आणि मला साठ! शिवाय "अवघड आहे" एवढे दोन शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. मटार सोलताना नाहीत, जेवताना नाहीत. खोलीपेक्षा मला ते दोन शब्द हवे होते, हे मला दार बंद करून आत बसल्यावर कळलं.

तीन दिवसांनी संक्रांत. संध्याकाळी साताऱ्याहून बाबांच्या थोरल्या भावाचा फोन आला. काका म्हणजे निवृत्त हेडमास्तर, आणि त्यांच्यापुढे बाबांनी जन्मात कधी हार कबूल केलेली नाही. पत्त्यांच्या डावातसुद्धा नाही. फोन स्पीकरवर होता. मी आत घड्याळ लावून पेपर लिहीत होते, पण काकांचा आवाज दाराला जुमानत नाही.

तिळगूळ, थंडी, गुडघे असं सगळं झालं. "पोरगा काय म्हणतो? फिजिक्स कसं आहे?"

"बरं चाललंय."

"आणि पोरगीचं काय, इतिहासच ना? तिला काही घोर नाही म्हणा. सोपं आहे."

 मी लिहायची थांबले.

"सोपं नाही, दादा," बाबा म्हणाले. "फार अवघड पेपर असतो तो. मी बसलो होतो परवा."

"तू? मग काय, पैकीच्या पैकी!"

"बावीस."

"किती?"

"बावीस. ऐंशीपैकी. नापास झालो." मग जरा खाकरून, "तीन तासांत माझा हात मोडून आला, आणि ती पोरगी रोज लिहिते. पुढं ती इतिहासच घेणार आहे, दादा. मार्क किती का पडेनात."

पलीकडून काका काहीतरी मोठमोठ्यानं बोलत राहिले, ते मला ऐकू आलं नाही, कारण मी उशीत तोंड खुपसून रडत होते. त्यात माझी चांगली अकरा मिनिटं गेली. त्या दिवशी शेवटचा आठ मार्कांचा प्रश्न पुन्हा राहिला, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.