सालदाराच्या हातातला तराजू

तुमच्या हातातली वस्तू काढून घेतली तर तुम्ही कोण, हे सांगता येईल का तुम्हाला? मास्तरची छडी काढा, जमादाराचा दंडा काढा, पुढाऱ्याच्या हातातला माईक काढा. उरतं काय? मिशा. उगाच मान हलवू नका, आधी विचार करा. मी केला आहे. आणि तो कोण्या कॉलेजात नाही, शेलूबाजारात केला, जिथं जीपगाड्या थांबतात तिथं. करायला लावला पोतं अंथरून बसणाऱ्या जानरावनं.

जानराव छत्र्या दुरुस्त करतो, स्टो दुरुस्त करतो, बॅटऱ्या दुरुस्त करतो आणि हे करता करता गिऱ्हाइकालाही दुरुस्त करतो. स्टो समोर ठेवला की पहिलं वाक्य ठरलेलं, "याचा काई दोष नाई, दोष तुमचा हाय." मग घासलेटात पाणी होतं, पिन वाकडी मारली, सासूचा राग स्टोवर काढला, सगळं उकलून सांगतो. आपली तारीफ करायला त्याला दुसरा माणूस लागत नाही. "मंगरूळपासून मालेगावपावतर असा हात नाई," असं तो स्वतःच्याच हाताकडे पाहून म्हणतो, जसा काही तो हात पाहुणा आला आहे.

त्याची जागा गोपीचंदशेठच्या किराणा दुकानाच्या पायऱ्यांसमोर. जीपमधून उतरणाऱ्याचं पहिलं पाऊल जानरावच्या पोत्यावरच पडतं, म्हणून मोडकी छत्री आधी त्याच्याकडे येते. पण धंद्याच्या वर एक गोष्ट होती. याच पायऱ्यांखाली जानरावचा बाप ओंजळ पसरून उभा राहायचा, आणि तेव्हाचा दुकानदार वरून मीठ सोडायचा, हाताला हात लागू नये म्हणून. छप्पन साली आम्ही धम्म घेतला, पाठी सरळ झाल्या, आणि बाप जिथं वाकला होता बरोबर तिथं जानराव मांडी घालून बसला. ती जागा गेली असती तर नुसतं पोतं उठलं नसतं.

आणि ती जायची वेळ आली अठ्ठ्याहत्तर साली, एका प्लास्टिकच्या माणसापायी.

जानरावच्या बायकोचा, विमलबाईचा भाऊ गोविंदा मुंबईला प्लास्टिकच्या कारखान्यात आहे. उन्हाळ्यात तो जऊळक्याच्या स्टेशनवर उतरला तो पाठीवर पोतं घेऊनच. पोत्यात पिशव्या, आणि एकेका पिशवीत एकेक खेळण्यातला वीतभर माणूस, सुटा. डोकं, छाती, हात, पाय, सगळं एका काडीला शेंगांसारखं लटकलेलं. तोडायचं आणि एकात एक दाबून बसवायचं.

"भाऊजी, याले यंत्रमानव म्हंतेत," गोविंदा म्हणाला. "परदेशात हा मानसाची कामं करते."

"खाते काय?" विमलबाईनं विचारलं.

"काईच नाई."

"अन् सुट्टी?"

"नाई घेत."

"मंग सरळ सालदार म्हन ना रे."

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर बांधलेला गडी. नाव त्या दिवसापासून तेच पडलं.

कोणता भाग कुठं बसवायचा, त्याच्या चित्रांचा कागद पिशवीत होता. जानरावनं तो उघडूनही पाहिला नाही. मंगरूळपासून मालेगावपर्यंत ज्याच्यासारखा हात नाही, त्यानं कागद कायले पाहावा? पहिल्या सालदाराचं तोंड पाठीकडं बसलं. विमलबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. जानराव म्हणाला, "राहू दे. मालक मागूनच येते."

खरी खोट त्याला पुढं दिसली. सालदाराची मूठ वळलेली, मुठीत आरपार भोक, पण त्या भोकात घालायला कंपनीनं काहीच दिलं नव्हतं. हात द्यायचा आणि हाताला काम द्यायचं नाही, हे मला सरकारचं माहीत होतं, कंपनीही तशीच निघाली. विमलबाई म्हणाली, "रिकाम्या हाताचा सालदार कोन ठेवन घरात?"

मग जानराव लागला. जे कंपनीनं दिलं नाही ते तो द्यायला लागला. छत्रीच्या मोडक्या काडीची तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून कुदळ, विळा, पावडं. फणीच्या तुटक्या दाताची विडी, टोकाला लाल नखरंगाचा ठिपका. दाभण स्टोवर तापवून भोक पाडायचं, फुटक्या बांगडीचं प्लास्टिक वितळवून चिकटवायचं. आणि बाजारात सालदार असा खपायला लागला की छत्रीवाले रांगेत ताटकळायला लागले. जीपच्या ड्रायव्हरनं स्टेअरिंगवाला मागितला. शेजारी सरपणाच्या मोळ्या घेऊन बसणारी भुरीबाई, तांड्यावरची, तिनं मोळीवाला मागितला. सालदाराचं डोकं डब्यासारखं सपाट, त्यावर मोळी काय सुरेख बसली. मी पडलो चळवळीतला, मी निळ्या झेंड्याचा मागितला. झेंडा भारी झाला आणि माझा कार्यकर्ता तोंडावर पडायला लागला. "नेते," जानराव म्हणाला, "याचा काई दोष नाई." पुढचं वाक्य मी त्याला बोलू दिलं नाही.

एका बाजारी भुरीबाई ओळीनं मांडलेले सालदार पाहून म्हणाली, "जानूभाऊ, सारेच राबनारे केले तुनं. एखांदा बसून खानारा कर ना."

जानरावनं तिथंच करायला घेतला. काडीची दांडी, दोऱ्याच्या तनाव्या आणि पारडी म्हणून सोड्याच्या बाटलीची दोन झाकणं. तराजू मुठीत अडकवला, सालदार पोत्यावर उभा केला, आणि तराजूचं एक पारडं धपकन खाली गेलं. समोर पायऱ्या, पायऱ्यांवर दुकान, दुकानात गोपीचंदशेठ. आधी भुरीबाई हसली. मग ड्रायव्हर. मग जीपमधले उतरायचं सोडून हसायला लागले.

गोपीचंदशेठ हातातली पुडी तशीच धरून खाली आला.

"जानराव, हे कोन हाय?"

"सालदार हाय, शेठ."

"सालदाराच्या हातात तराजू कायले?"

"बढती झाली असन."

लोक आणखी हसले. शेठ हसला नाही. हाही माणूस काही गादीवर जन्मलेला नव्हता, याच बाजारात पोती वाहून दुकानापर्यंत चढलेला. असा चढलेला माणूस चेष्टेला फार भितो. "पुढच्या बाजारी इथं पोतं दिसलं नाई पाह्यजे," म्हणाला. "ढोराच्या बाजारात बस." आणि गेला तो सरपंच उदयसिंगकडं, कारण पायऱ्यांखालची जमीन ग्रामपंचायतीची.

आता हे मला सहन होणार होतं का? आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, घशात भाषणं साचलेली. मी जीपच्या बॉनेटवर चढलो आणि झुकलेल्या तराजूवर असा बोललो की ढोराच्या बाजारातले व्यापारी ऐकायला आले. भाषण उत्तमच झालं. परिणाम एवढाच की शेठनं दुकानासमोर तारेचं कुंपण टाकायची भाषा सुरू केली.

विमलबाईनं मला घरी बोलावून पाणी दिलं आणि म्हणाली, "नेते, तुमचं भाषन होते अन् आमचं पोतं उठते. बाजारापावतर उपास धरा तोंडाचा."

पुढच्या बाजारी उदयसिंग आला. त्याचे गुडघे धरलेले, त्याला न्यायापेक्षा सावली आणि चहा हवा होता. शेठच्याच मिठाच्या पोत्यावर तो बसला आणि तो तराजूवाला सालदार मांडीवर घेतला.

"शेठ, तक्रार काय हाय?"

"यानं माही नक्कल केली."

उदयसिंगनं सालदार उलटासुलटा केला. "डोकं तं चौकोनी हाय याचं. तुमचं नाई."

"डोक्याचं नाई म्हनत मी."

"पोट नाई याले. तुमाले हाय."

"पोटाचं जाऊ द्या."

"धोतर नाई, टोपी नाई. अन् हा तं ढेंग टाकून राह्यला, तुमी तं गल्ल्यावरून उठत नाई." उदयसिंग खरंच कोड्यात पडला होता. "मंग तुमच्यासारखं हाय तरी काय?"

"तराजू नाई का दिसून राह्यला?"

"तराजू तं साऱ्याच दुकानदारांजवळ हाय. हा तुमचाच, हे कशावरून?"

"झुकला हाय ना तो," शेठ म्हणाला.

शेठच्या कानात स्वतःचंच वाक्य जरा उशिरा पोचलं. उदयसिंगनं चहाची कपबशी खाली ठेवली. भुरीबाईनं शांतपणे आपल्या गाठोड्यातली पुडी काढली आणि पुढं केली. "शेठ, सकाळचं मीठ मोजून द्या परत."

तिच्या मागं आणखी दोन बाया पुड्या चाचपायला लागल्या. मी टाळीसाठी हात उचलले. जिंकलो होतो आम्ही. आणि तेवढ्यात हा जानराव, हा स्वतःच्या हाताची आरती करणारा माणूस, उठला आणि म्हणाला, "थांबा. शेठचा काई दोष नाई. दोष माहा हाय."

त्याच्या तोंडून हे वाक्य असं उलटं निघालेलं शेलूबाजारानं पहिल्यांदा ऐकलं. त्यानं दाभणानं एका झाकणातून आतली बुचाची चकती उचकटून काढली आणि सगळ्यांना दाखवली. एका झाकणात चकती, दुसऱ्यात नाही, म्हणून ते जड. तराजू परत अडकवला. दांडी थरथरली आणि सरळ उभी राहिली.

मी त्याला बाजूला ओढलं. "अबे, हातात आलेला शेठ सोडून दिला?"

"नेते, हरलेला शेठ जागा देते का? कुंपन टाकते."

शेठनं तेवढ्यात तो सालदार उदयसिंगच्या मांडीवरून उचलला, पायऱ्या चढला आणि गल्ल्यावर उभा केला, सरळ तराजू गिऱ्हाइकाकडं करून. "हा इथंच राहीन," म्हणाला. "साऱ्याईले दिसू द्या." जानरावच्या पोत्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. उदयसिंगनं याचा अर्थ निकाल असा लावला आणि दुसरा चहा मागवला.

पण छत्रीची काडी आणि सोड्याची झाकणं, त्यांचं वजन ते किती? लॉरी गेली की धूळ येते, एका पारड्यात बसते. गिऱ्हाइकानं तिखट मागताना शिंक दिली, दांडी फिरते. आणि तराजू झुकला की गिऱ्हाइकाची नजर आधी त्यावर, मग शेठच्या खऱ्या तराजूवर, मग शेठवर. खाली उतरवावा तर लोक विचारणार, काहून काढला? शेठ बोट लावतो तर आणखी झुकतो. मग गल्ल्यावरून हाक येते, "जानराव, ये रे बाप्पा." जानराव पायऱ्या चढतो, गल्ल्यापाशी उभा राहतो, फुंकर मारतो, दोरा ओढतो, आणि आपल्या हाताकडे कौतुकानं पाहत खाली येतो. ढोराच्या बाजारात बसलेल्या माणसाला अशी हाक ऐकू गेली नसती, हे शेठलाही कळतं. पावसाळा लागला तेव्हा त्यानं आपल्या दुकानाची ताडपत्री जानरावच्या पोत्यावर पुढं ओढून दिली.

मी परवा जानरावला स्पष्टच विचारलं, दांडीची खीळ मुद्दाम सैल ठेवली का?

त्यानं छत्री उघडली, मिटली, परत उघडली. "छत्री दुरुस्त करनारा मानूस हाओ मी, नेते. एकडाव दुरुस्त केलेली छत्री जल्मभर टिकली तं आमी खावं काय?"

तेव्हा वाचकहो, तुम्ही पोहरादेवीच्या जत्रेला जाताना नाहीतर येताना शेलूबाजारला उतराल, गोपीचंदशेठच्या गल्ल्यावर तो प्लास्टिकचा सालदार पाहाल, आणि त्याचा तराजू झुकलेला दिसेल. तुमच्यातल्या शहाण्याला तो सरळ करायची खाज सुटेल. कृपा करून हात खिशात ठेवा. एवढंच म्हणा, "शेठ, झुकला हाय," आणि त्याला हाक मारू द्या.