बाहेरून पाठिंबा

चौथीपर्यंतच शिकलेय. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वेडंवाकडं येतं, सांभाळून घ्या. काकूंचं तोंडाने कुणाला सांगवत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या शेजारच्या काकू कुणाच्याच घरात शिरत नसत. चपला घालून दारात उभ्या. "नको ग, मी बाहेरूनच बोलते."

बदलापूरजवळच्या आमच्या गावच्या पंचायतीत त्या अपक्ष निवडून आल्या. नऊ जागा. सरपंच धरून त्यांचे चार, समोरचे चार, काकू एकट्या. सरपंच पेढे घेऊन आले तरी त्या दारातच. "पाठिंबा देते, पण बाहेरून. आमच्या आळीत नळ आणा. नाही आणला तर मी मोकळी."

तेव्हापासून काकू शिंकल्या तरी सरपंच घाबरायचे. मीटिंगला त्या ऑफिसच्या दाराबाहेर बाकावर बसत, तिथूनच हात वर करत. आळीला टँकरचं पाणी, त्यामुळे मीटिंग असली की माझा जीव थाऱ्यावर नसे.

नळाच्या ठरावादिवशी समोरच्यांनी सरपंचांचा एक माणूस देवदर्शनाला नेला. उरले तीन. काकूंचा हात धरून चार-चार, आणि बरोबरी झाली की सरपंचांचं मत जड. नेमका नवा ग्रामसेवक म्हणाला, "बाहेरचा हात मी धरणार नाही. ताई, आत या."

काकूंनी चपला काढल्या. मी खिडकीशी उभी. इतक्यात समोरच्यांची गाडी आली. त्यांचा एक जण दारातून हळूच म्हणाला, "काकू, दोन मिनिटं गाडीपाशी या ना. तुमच्या फायद्याचं आहे."

मे महिन्याचं ऊन, अंगणात तापलेली खडी. मला काय सुचलं, काकूंच्या चपला उचलून मी पिशवीत टाकल्या.

काकू दारात आल्या. "चपला कुठं गेल्या?" पाय खाली टेकवला, चटका बसला, मागे घेतला. "राहू दे बाबा, मी आतच बरी."

ठराव झाला. सरपंचांनी त्यांना स्कूटरवरून घरी सोडलं.

नळ आला त्या दिवशी काकू नव्या चपला दारात काढून पहिल्यांदा माझ्या घरात आल्या. पाणी प्यायल्या. "गोड आहे ग." जुन्या चपलांचं त्यांनी कधी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर काकू वारल्या. पंधरा दिवसांत सरपंचांचे दोघं पलीकडे जाऊन बसले. नळ मात्र आहे.

चपला माझ्या खाटेखाली आहेत. रोज पाणी भरताना तेच मनात येतं. त्या दिवशी काकू गाडीकडे निघाल्या होत्या, त्या नाही म्हणायला की हो म्हणायला?