गोदामातलं चित्रदालन

लातूर जिल्हा झाला आणि शहरात सरकारी कचेऱ्यांची लगीनघाई उडाली. जो तो जागा शोधत होता. मी तेव्हा मुरुडच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. दुष्काळात धान्य वाटायचं लातूरचं जुनं गोदाम रिकामं पडलंय असं कळलं, तशी नांदेडच्या माझ्या चित्रकार मैत्रिणीला घेऊन मी कलेक्टर साहेबांकडे गेले. तिथं सगळ्यांसाठी चित्रदालन करू द्या, म्हटलं.

साहेब हसले. "बाई, माणसं दुष्काळातून आत्ता कुठं सावरलीत. ती चित्रं बघायला येणार?"

"आठवडाभर द्या. कुणी आलं नाही तर आम्ही निघून जातो."

भिंतींना चुना आम्हीच मारला. मैत्रिणीनं नांदेडहून तिची आणि इतरांची चित्रं गोधड्यांत गुंडाळून एसटीच्या टपावरून आणली. सगळी नव्या धाटणीची. त्यात ना देव, ना डोंगर-नदी. माझंही एक होतं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, त्या दिवसांचं. माणूस एकही नाही, नुसते तांबडे-करडे तुकडे आणि मधोमध पांढरा झोत.

बाजाराच्या दिवशी दार उघडलं तर बाहेर ही रांग! हातात पिशव्या. गोदाम उघडतंय म्हणजे धान्य आलं, असं लोकांना वाटलेलं. "धान्य न्हाई," मी ओरडून सांगितलं, "आत चित्रं हायेत."

काही जण परतले. पुढची म्हातारी मात्र हलली नाही. "लई येळ उन्हात हुभी हाय मी. आता दावा चित्रं."

ती आत शिरली, तिच्यामागं रांगही. माझ्या चित्रासमोर ती थांबली. हे काय, असं विचारेल म्हणून मी मनात उत्तर जुळवत होते. तिनं शेजारणीला जवळ ओढलं. "बघ गं, खडी. दुपारच्याला असंच डोळ्यापुढं पांढरं यायचं."

मग दोघी बोलतच राहिल्या. त्या कामावर कोण गाणं म्हणायचं, कुणाच्या बोटावर हातोडा बसला. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि डोळे पुसत होते.

दुपारी साहेब जीपमधून उतरले. चित्रात खडी दिसते, ही गोष्ट चित्रं पाहून गेलेल्यांनी बाजारभर केली होती. रांग रस्त्यापर्यंत गेलेली.

"कशाची रांग ही?"

"चित्रांची," एक शेतकरी म्हणाला. "मधी घुसू नका, साहेब."

साहेब मुकाट्यानं मागं जाऊन उभे राहिले. सगळी चित्रं पाहून बाहेर आले आणि म्हणाले, "जागा तुमची."

'चित्रदालन, सर्वांसाठी खुले' अशी पाटी मी स्वतः रंगवली. ती चढवताना कुणीतरी हलगी आणली, आणि आम्ही दोघी भर रस्त्यात नाचलो.