तीन लांब शिट्ट्या

डोंगरावर जाताना दोर घ्यावा, पाणी घ्यावं, शिट्टी घ्यावी, असं हल्लीची मुलं मला शिकवतात. मला! अरे, शिट्टीची थोरवी मी तुम्हाला सांगते, बसा इकडे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते आणि मी कॉलेजात होते, म्हणजे अक्कल बेताची आणि आवाज मोठा. आमच्या गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर ड्रॉइंगचे एक मास्तर राहायचे. त्यांना किल्ल्यांचं वेड. दिवाळीनंतर कर्जतच्या पुढच्या एका पडक्या किल्ल्यावर जायचं त्यांनी ठरवलं. चाळीतले चार मुलगे, माझा दादा आणि मी तयार झालो. आई मात्र अडून बसली. "वहिनी बरोबर असेल तरच," म्हणाली, आणि वहिनीला बजावलं, "हिला धड घरी आणायची जबाबदारी तुझी." आता बघा, मी एकोणीस वर्षांची घोडी, आणि मला सांभाळणारी वीस वर्षांची!

वहिनी लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी. लग्नाला सहा महिने झाले होते. घरात तिचा आवाज म्हणजे बांगड्यांचा काय तो. तिला छळायची एकही संधी मी सोडत नसे. चहात मीठ घाल, चपला लपव, दाराआडून "भो" कर. ती फक्त "काय हो वन्सं!" म्हणायची आणि कामाला लागायची. रस्त्यात कुणी शिट्टी घातली तरी दचकायची. मी तिला भागूबाई म्हणायचे, तेही तोंडावर.

निघण्याआधी मास्तरांनी गॅलरीत आमचा वर्ग घेतला. वाट सोडायची नाही, कड्याच्या टोकाशी मस्करी करायची नाही, वाळल्या गवतावर पाय जपून टाकायचा. दोर पुढच्या माणसाकडे, शिट्टी शेवटच्या माणसाकडे. तीन लांब शिट्ट्या वाजल्या की कुणीतरी संकटात आहे असं समजायचं आणि सगळ्यांनी आवाजाच्या दिशेने यायचं. आम्ही माना डोलावल्या. करून बघायची मात्र सोय नव्हती, कारण त्या दिवसांत चाळीत शिट्टी वाजवणं म्हणजे हाहाकार. नाक्यावर पोलिसांची गाडी दिसली की कोपऱ्यावर उभा असलेला मुलगा तीन लांब शिट्ट्या घालायचा. अर्ध्या मिनिटात चाळ चिडीचूप. दारांना कड्या, आणि माणसं खिडकीपासून लांब, जमिनीवर पालथी. हे आमच्या अंगात इतकं मुरलं होतं की म्हातारे आजोबासुद्धा हातातला चहा न सांडता आडवे व्हायचे. चाळीच्या शिट्ट्या तीन, डोंगरावरच्याही तीन, हे आठ जणांतल्या एकाच्याही ध्यानात येऊ नये? चांगली शिकलेली माणसं होतो हो आम्ही!

कर्जतला उतरलो. मी साडीच्या आत दादाची जुनी पँट घालून आले होते. एका झाडामागे साडी सोडून पिशवीत कोंबली आणि ऐटीत चालू लागले. दादा लाजेने लाल झाला. वहिनी मात्र नऊवारीचा काष्टा घट्ट मारून माझ्यापेक्षा झपझप चढत होती. मला त्याचाही राग आला. माझी बडबड ऐकून मास्तरांचं डोकं उठलं, म्हणून त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात अडकवली आणि मला सगळ्यात मागे टाकलं.

मागे राहून माणूस काय करणार? खोड्या सुचणार. वाट एका घळीला वळसा घालून पलीकडे जात होती. मी म्हटलं, आपण वरच्या गवतातून आडवं जाऊ, यांच्याआधी पलीकडे पोचू आणि वहिनीपुढे उडी मारून अशी ओरडू की तिची बोबडी वळली पाहिजे. सोडली वाट. वीस पावलं गेले असेन नसेन, वाळक्या गवतावरून पाय सटकला आणि मी बसल्या बसल्या घसरत खाली. दहा-बारा फुटांवर एका झुडपाने अडवलं. हाताएवढ्या रुंदीचा कट्टा, त्याच्यावर मी, आणि खाली काही नाही. खरंच काही नाही. दरीच.

पाय मुरगळला होता. वर चढायला गेले तर माती हातात यायची आणि झुडूप कुरकुरायचं. ओरडले, पण वारा आवाज दरीत नेत होता. घळीपलीकडच्या वाटेवर सगळे मला दिसत होते, मुंग्यांसारखे ओळीत. मग शिट्टी आठवली. तीन लांब शिट्ट्या वाजवल्या.

आणि सगळे गायब!

एका क्षणात वाट रिकामी. मी डोळे चोळले. मग गवतात दादाची पाठ दिसली, पालथी. चार मुलगे झुडपात घुसले. आणि मास्तर, नियम घालून देणारे मास्तर, एका दगडामागे दडले होते. त्यांची टोपी तेवढी वर दिसत होती. मी पुन्हा शिट्ट्या वाजवल्या. टोपीही खाली गेली. जितकी वाजवावी तितके ते जमिनीला चिकटत होते. मला हसू फुटलं, आणि हसताना झुडपाचं एक मूळ सुटलं. हसू जिथल्या तिथे विरलं. मला कळलं की हे कुणी येत नाहीत, आणि मी आज इथून पडून मरणार. आई आठवली आणि मी भोकाड पसरलं.

तेवढ्यात डोक्यावर गवत सळसळलं. वर बघते तर वहिनी. पोटावर सरपटत आलेली, केसांत काटे, आणि उजव्या हातात उगारलेला हा एवढा धोंडा!

"कुठे आहेत मेले?" तिने विचारलं.

"कोण?"

"पोलीस!"

"वहिनी, पोलीस नाहीत हो. मी पडलेय."

तिने खाली दरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हलू नका. झुडपावर भार देऊ नका, पाठ दगडाला टेकवा," म्हणाली. मग घळीकडे तोंड करून तिने जी हाक मारली, ती लालबागच्या चाळीतली हाक होती, वाऱ्यालाही न जुमानणारी. "अहो, दोर आणा! पोलीस नाहीत, वन्सं पडल्यात!" सहा महिन्यांत तिचा तो आवाज आमच्यापैकी कुणी ऐकला नव्हता. डोकी एकेक करून वर आली. ते पळत येईस्तोवर ती माझ्याशी बोलत राहिली. तिच्या माहेरच्या चाळीत शिट्टीपाठोपाठ गोळ्या यायच्या, हे तिने तेव्हा सांगितलं. शेजारचा एक जण जिन्यातच पडला होता, तिच्या डोळ्यांदेखत.

झाडाला दोर बांधून, माझ्या काखेखालून घालून त्यांनी मला वर ओढलं. दादा रागावत होता, मास्तर कपड्यांवरची माती झटकत कुणाकडेच बघत नव्हते. वहिनी बाजूला बसून आता कुठे केसांतले काटे काढत होती.

मी लंगडत तिच्यापाशी गेले. "तुम्हाला खरंच पोलीस वाटले?"

"हो. वाटलं, तुम्हाला धरलं."

"मग लपला का नाहीत सगळ्यांसारख्या?"

तिला प्रश्नच कळला नाही. "आणि तुम्हाला एकटीला नेऊ द्यायचं होय?" ती म्हणाली.

मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली! मी तिच्या गळ्यात पडून रडले. तिने पदराच्या ओटीत आणखी सहा-सात दगड भरून आणले होते. ते मला टोचत होते, आणि तरी मी तिला सोडलं नाही.